लॅपटॉप नवा आणि दमदार, पण जुनी सीएनसी प्रोग्रॅम घेत नाही: काय आणि कुठल्या क्रमानं तपासायचं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहती. शॉप कुठलंही असो, फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं. "जुना लॅपटॉप गेला, नवा एकदम भारी घेतलाय, पण मशीन प्रोग्रॅमच घेत नाही." लॅपटॉप लाखाच्या घरातला, सीएनसी मशीन (संगणकी प्रोग्रॅमवर चालणारं यंत्र) वीस-पंचवीस वर्षांचं आणि दोघांच्या मध्ये पेठेतून आणलेला दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी-ते-सीरियल कन्व्हर्टर. दोष बहुतेक वेळा त्या मधल्या वस्तूत किंवा सेटिंगमध्ये सापडतो. तरी शेठ मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "याहून मोठा प्रोसेसर घ्यायला हवा होता का?"

नाही. आरएस-२३२ वर, म्हणजे मशीनच्या जुन्या सीरियल पोर्टवर, ९६०० बॉडनं (सेकंदाला ९६०० बिट) डेटा जातो तेव्हा एका अक्षरामागे एक स्टार्ट बिट, सात डेटा, एक पॅरिटी (चूक पकडणारा बिट) आणि दोन स्टॉप असे अकरा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८७० अक्षरं. २५६ केबीचा प्रोग्रॅम पाठवायला पाच मिनिटं लागणारच, लॅपटॉप कालचा असो नाहीतर पेंटियमच्या काळातला. फॅनक ही मशीनचा कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, बनवणारी कंपनी. तिच्या कागदपत्रांत मशीनची मेमरी अजून कागदी टेपच्या मीटरमध्ये लिहिलेली सापडते. ६४० मीटर म्हणजे २५६ केबी. अशा मशीनपुढे प्रोसेसर किती कोअरचा आहे याला काही अर्थ नाही.

खालचं सगळं मुख्यतः फॅनकच्या १६, १८, २१ आणि ०-आय मालिकांना धरून लिहिलंय, कारण आपल्याकडे तेच कंट्रोल जास्त. पीएलसी (यंत्रं आणि प्रोसेस चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी लक्षणं नीट बघा

"प्रोग्रॅम जात नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. नेमकं काय दिसतंय ते लिहून घ्या.

मशीनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात एलएसके (LSK, मशीन डेटाची वाट बघत असल्याची खूण) लुकलुकतंय आणि पुढे काहीच होत नाही: मशीन वाट बघतंय, पण त्याच्यापर्यंत अक्षरं पोचत नाहीत.

अलार्म ०८५: अक्षरं पोचतायत, पण मशीनला ती कळत नाहीत. बॉड रेट, पॅरिटी किंवा स्टॉप बिट जुळत नाहीत.

अलार्म ०८६: समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल मशीनला मिळत नाही. संशय केबलवर, मशीनच्या बाजूच्या जंपरवर किंवा चॅनलच्या सेटिंगवर.

अलार्म ०८७: मशीन "थांब" म्हणालं, तरी लॅपटॉप पाठवतच राहिला. नव्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

०७० म्हणजे मेमरी भरली, ०७३ म्हणजे त्या ओ-नंबरचा (प्रोग्रॅम क्रमांकाचा) प्रोग्रॅम आधीच आत आहे. या दोन्हींत लॅपटॉपचा काही संबंध नाही, तरी त्यापायी लॅपटॉप परत करायला निघालेले लोक मी पाहिलेत.

लॅपटॉपच्या बाजूची लक्षणं वेगळी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कॉम पोर्टच (विंडोजमधला सीरियल पोर्ट) न दिसणं, जुनं सॉफ्टवेअर "हे अ‍ॅप या पीसीवर चालू शकत नाही" म्हणणं, डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली) लावूनही लायसन्स न सापडणं. यातलं काही दिसत असेल तर मशीनला हात लावायची गरज नाही. सरळ कन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअरच्या भागाकडे जा.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

पहिलं काम मोबाइल काढायचा आणि मशीनच्या सेटिंगच्या पानाचे, पॅरामीटर २० चे आणि १०० ते ११५ च्या आसपासच्या पानांचे फोटो घ्यायचे. पुढच्या तासाभरात दोन-तीन जण "हे करून बघू, ते करून बघू" करत सेटिंग बदलणार. मूळ काय होतं ते कुणाला आठवत नाही.

दुसरं, जुना लॅपटॉप अजून चालू होत असेल तर तो आणा. स्क्रीन फुटलेली असेल, बॅटरी मेलेली असेल, चालेल. त्याच केबलनं त्यावरून प्रोग्रॅम गेला तर मशीन आणि केबल दोन्ही सुटले आणि शोध निम्म्यावर आला. त्याच्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टची सेटिंग काय आहे त्याचाही फोटो घ्या. आणि कृपा करून तो लॅपटॉप भंगारात घालू नका. आधी त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज काढून ठेवा.

तिसरं, क्रम. मशीनला पाठवायचं असेल तर आधी मशीनवर एडिट मोडमध्ये रीड देऊन एलएसके लुकलुकू द्यायचं, मग लॅपटॉपवरून सेंड. मशीनकडून घ्यायचं असेल तर उलट, आधी लॅपटॉप ऐकायला बसवायचा, मग मशीनवर पंच (बाहेर पाठवणं). मशीन तयार नसताना पाठवलेलं वाया जातं. एडिटची किल्ली लॉकवर नाही ना, तेही बघा. रात्रपाळीचा ऑपरेटर ती फिरवून खिशात घालून जातो.

मग सेटिंग. सेटिंगच्या पानावरचा आय/ओ चॅनल किंवा पॅरामीटर २० बघा. ० किंवा १ म्हणजे पहिला आरएस-२३२ पोर्ट, ४ म्हणजे मेमरी कार्ड. इथे एक खाच आहे. ० आणि १ हे दोन्ही त्याच एका पोर्टकडे जातात, पण बॉड रेट वगैरे वेगवेगळ्या जागी ठेवलेले असतात: चॅनल ० साठी १०१ ते १०३, चॅनल १ साठी १११ ते ११३. चॅनल १ वर असताना १०३ बदलत बसलात तर दिवसभर काही होणार नाही. १०३ किंवा ११३ मध्ये १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. जुन्या ०-एम, ०-टी कंट्रोलवर हे नंबर निराळे आहेत, त्यांचं मॅन्युअलच उघडा.

लॅपटॉपवर तेच जुळवा: बॉड रेट मशीनचा, डेटा ७, पॅरिटी इव्हन, स्टॉप बिट बहुतेक ठिकाणी २, आणि फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ (पाठव-थांब सांगणारी अक्षरं). नव्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात ८, नन, १ अशी सेटिंग येते आणि ०८५ चं कारण नव्वद टक्के वेळा तेच. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह आहे ना, तेही बघा. कॅममधून (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आलेल्या फाइलमध्ये शेवटचं चिन्ह नसेल तर मशीन आणखी काही येईल म्हणून ताटकळत राहतं.

कॉम नंबर: जुनी सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ पलीकडे बघतच नाहीत. नवा लॅपटॉप मात्र कन्व्हर्टरला कॉम ७, कॉम ११ असं काहीही देतो, यूएसबीचा खळगा बदलला की कधी कधी तोही बदलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून तो कॉम २ किंवा ३ करा आणि त्या खळग्यावर रंगाचा ठिपका लावून ठेवा.

कन्व्हर्टर: बहुतेक गोंधळ इथेच

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव वाचा. पिवळ्या त्रिकोणाशेजारी पीएल २३०३ एचएक्सए, "२०१२ पासून बंद, विक्रेत्याला भेटा" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर विषय संपला. ती चिप बनवणाऱ्या प्रोलिफिक कंपनीनं त्या चिपला नव्या विंडोजमध्ये आधार देणं थांबवलंय. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ होतं म्हणून तोच कन्व्हर्टर तिथे वर्षानुवर्षं चालला. इंटरनेटवरून २००८ सालचा ड्रायव्हर शोधून टाकायचा उपाय सगळे सांगतात. तो चालतोही, पण पुढच्या विंडोज अपडेटपर्यंत. उत्पादन अडलेल्या शॉपमध्ये असली उधारी नको.

नाव नीट दिसत असेल तर लूपबॅक करा. कन्व्हर्टर मशीनपासून काढा, नऊ पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडा, पुटी किंवा टेरा टर्म (पोर्टवर अक्षरं पाठवून बघायचे प्रोग्रॅम) उघडून फ्लो कंट्रोल बंद करा आणि टाइप करा. टाइप केलेलं परत स्क्रीनवर उमटलं तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर तिन्ही जिवंत आहेत. तार काढल्यावर उमटणं थांबायला हवं. थांबत नसेल तर सॉफ्टवेअर स्वतःच अक्षरं दाखवतंय आणि चाचणी खोटी आहे.

मग मल्टिमीटर. डीसी व्होल्टवर ठेवून पिन ५ आणि पिन ३ मध्ये मोजा, काळी वायर ५ वर. काही पाठवत नसताना ३ वर उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान व्होल्टेज हवं. शून्य किंवा अधिक ३-५ व्होल्ट दिसले तर तो खरा आरएस-२३२ नाहीच. असले कन्व्हर्टर टेबलावर लूपबॅक पास होतात आणि मशीनपाशी गप्प बसतात. म्हणून लूपबॅकनंतरही मीटर लावायचाच.

आता ०८७. मशीनचा बफर भरत आला की ते लॅपटॉपला डीसी-३ (एक्सऑफ) हे अक्षर पाठवतं, म्हणजे "थांब". त्यानंतर साधारण दहा अक्षरं आली तर मशीन सांभाळून घेतं, त्यापेक्षा जास्त आली की ०८७ देऊन बाहेर पडतं. जुन्या लॅपटॉपच्या खऱ्या पोर्टवर थांबणं लगेच व्हायचं. नव्या लॅपटॉपवर विंडोज एकदम मोठा गठ्ठा यूएसबीवरून कन्व्हर्टरच्या पोटात ढकलून देतं. "थांब" हा निरोप विंडोजपर्यंत पोचून सॉफ्टवेअर थांबतं तोवर पोटात साठलेली शे-दीडशे अक्षरं बाहेर पडून गेलेली असतात. छोटे प्रोग्रॅम जातात आणि मोठा मधेच तुटतो, तो यामुळे. डीएनसीवर (लॅपटॉपवरून प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यानं पाठवत मशीन चालवणं) साच्याचं काम करणाऱ्यांना तर हा अलार्म रोजचाच.

उपाय असे. एफटीडीआय कंपनीची अस्सल चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. त्या चिपमध्ये एक्सऑन-एक्सऑफ चिप स्वतःच सांभाळते, विंडोजपर्यंत निरोप जायची वाट बघत नाही. तिच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंद असतो, तो १ किंवा २ करा. पाठवण्याच्या बफरचा आकार कमी करा. बॉड रेट ४८०० वर आणून बघा, मशीन खाऊ शकेल त्याच वेगानं घास आला तर "थांब" म्हणायची वेळच येत नाही. पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन यूएसबी पोर्ट झोपवण्याची परवानगी काढून घ्या, नाहीतर ऑपरेटर चहाला गेला की डीएनसी तुटते. आणि हबमधून जोडू नका.

"अस्सल" हा शब्द मुद्दाम वापरलाय. एफटीडीआयच्या नकली चिपा इतक्या झाल्या होत्या की २०१४ मध्ये कंपनीच्या एका ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला आणि जगभरचे कन्व्हर्टर एका अपडेटमध्ये निकामी झाले. दोन-तीनशे रुपयांच्या कन्व्हर्टरवर एफटीडीआय छापलेलं असेल तर ते फक्त छापलेलंच समजा.

केबल

इथे थोडं सोल्डरिंगचं काम आहे, पण वायरमनला जमण्यासारखं. लॅपटॉपच्या बाजूला नऊ पिनी, मशीनच्या बाजूला पंचवीस पिनी. तीनच वायरी लागतात: २ ला २, ३ ला ३, आणि लॅपटॉपची ५ मशीनच्या ७ ला. मशीनच्या बाजूच्या हूडमध्ये (कनेक्टरच्या कव्हरमध्ये) ४ आणि ५ जोडायच्या, तसंच ६, ८ आणि २० एकमेकांना. लॅपटॉपच्या बाजूला ७-८ आणि १-४-६. मशीनकडचा ६-८-२० चा जंपर तुटला की ०८६ हमखास. हूड उघडून बघा, कूलंटचा हिरवट थर चढून टाका सुटलेला असतो.

बाजारातली तयार पंचवीस पिनी केबल, सगळ्या पिना सरळ जोडलेली, फॅनकला कधीही लावू नका. मशीनच्या पिन २५ वर अधिक २४ व्होल्ट असतात, पूर्वी टेप रीडरला तिथूनच सप्लाय जायचा. ते २४ व्होल्ट नको तिथे पोचले तर कन्व्हर्टर जातो आणि सोबत लॅपटॉपचा यूएसबी. लांबी पंधरा मीटरच्या आत ठेवा आणि स्पिंडल ड्राइव्हच्या पॉवर केबलला बांधून नेऊ नका.

चार्जर आणि अर्थिंग

केबल जोडताना किंवा काढताना मशीन बंद ठेवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. कंटाळा येतो, तरी हे करायचंच. दोन पिनी चार्जरवर किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डावर लॅपटॉपची बॉडी जमिनीच्या तुलनेत शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत असते. चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे हे होतं, पत्र्याच्या लॅपटॉपवर हात फिरवला की झिणझिणतं ते तेच. करंट अगदी थोडा असतो, माणसाला फारसं काही होत नाही. पण हाच करंट डेटाच्या पिनेतून मशीनच्या ग्राउंडकडे गेला की पोर्टची चिप जळू शकते, आणि ती चिप मशीनच्या मुख्य बोर्डावर असते. रोज जोडाजोडी होत असेल तर आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. महाग असतो, पण बोर्डच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

सॉफ्टवेअर आणि डोंगल

इथून पुढे काम वेळखाऊ होतं. विंडोज ११ फक्त ६४ बिट येतं आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे व १६ बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये जाऊन एक्सपी निवडलं तरी फरक पडत नाही. डॉसचा प्रोग्रॅम असेल तर डॉसबॉक्स वापरा, त्याला खरा कॉम पोर्ट जोडता येतो. काही जुने पास्कलमधले प्रोग्रॅम तर जलद प्रोसेसरवर "रनटाइम एरर २००" देऊन सुरू होतानाच बंद पडतात, कारण सुरुवातीला वेग मोजताना त्यांचा भागाकार कोलमडतो. दमदार लॅपटॉपचा थेट तोटा होतो तो इथे. डॉसबॉक्समध्ये वेग कमी करता येत असल्यामुळे हेही सुटतं.

३२ बिट सॉफ्टवेअर चालतं, पण त्याचा जुना ड्रायव्हर अडतो. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा असते, ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करता येते. पण बंद केलीत तर तो लॅपटॉप ईमेलला आणि इंटरनेटला वापरू नका.

यापेक्षा व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा दुसरा संगणक) बरं. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरमध्ये ३२ बिट एक्सपी किंवा विंडोज ७ टाकायचं, कन्व्हर्टर आणि यूएसबी डोंगल आत द्यायचे. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. जुन्या यंत्रांसाठी लॅपटॉपच्या ताकदीचा खरा उपयोग होतो तो इथेच: १६ जीबी रॅम हवी, ३२ असेल तर कॅम आणि एक्सपी शेजारी शेजारी चालतात.

डोंगल प्रिंटर पोर्टवरचा असेल तर यूएसबी ते पॅरलल केबल आणू नका. त्या केबलींना फक्त प्रिंटरशी बोलता येतं, डोंगलशी नाही.

मग लॅपटॉप कुठला घ्यायचा

घ्यायचाच असेल तर इंटेल किंवा एएमडीचा. स्नॅपड्रॅगनचे नवे लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, त्यांच्यावर जुनी सॉफ्टवेअर अनुवादानं चालूनही जातात, पण ड्रायव्हर मात्र त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या डोंगलचा किंवा पीएलसी केबलचा तसा ड्रायव्हर कोण बनवणार? एम मालिकेच्या मॅकबुकचंही तेच. निदान दोन मोठे यूएसबी-ए खळगे आणि इथरनेटचा खरा पोर्ट असावा. फार पातळ मॉडेलमध्ये तो नसतो.

माझं मत विचाराल तर दमदार लॅपटॉप ऑफिसात कॅमवर ठेवा आणि शॉप फ्लोअरसाठी वेगळा जुना लॅपटॉप घ्या. डेल लॅटिट्यूड डी ६३० सारख्या मॉडेलला खरा नऊ पिनी पोर्ट होता, सेकंडहँडमध्ये अजून सापडतात. त्यावर कूलंटची वाफ बसली तरी जीव जळत नाही. नवाच हवा असेल तर टफबुक किंवा गेटॅकच्या काही मॉडेलना सीरियल पोर्ट मिळतो, किंमत मात्र तशी.

आणि कंट्रोलच्या स्क्रीनशेजारी कार्डचा खळगा असेल तर चॅनल ४ करून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अ‍ॅडॉप्टरसकट वापरून बघा. कार्ड २ जीबी किंवा त्याहून लहान घ्या. कित्येक शॉपमध्ये केबलची कटकट यानंच कायमची संपली.

इथे थांबा

लूपबॅक पास, व्होल्टेज बरोबर, केबलची कंटिन्युइटी बरोबर, दोन वेगळे लॅपटॉप लावून बघितले आणि तरी ०८६ येतोय, तर मशीनचा पोर्ट गेलेला असू शकतो. कंट्रोलचं कव्हर उघडून चिप बदलायचा प्रयत्न करू नका. सर्व्हिस इंजिनिअर बोलवा.

स्क्रीनवर बॅट (BAT, बॅटरी संपत आल्याची खूण) लुकलुकत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. मशीन बंद करू नका. कंट्रोलची बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते, नाहीतर पॅरामीटर आणि प्रोग्रॅम उडतात. कधी बदलली नसेल तर जाणकाराला बोलवा.

आय/ओ पॅरामीटर सोडून इतर कुठलाही बदलायची वेळ आली, किंवा पॅरामीटरची अख्खी फाइल मशीनमध्ये परत टाकायची वेळ आली, तरीही थांबा. दुसऱ्या मशीनची फाइल, मॉडेल तेच असलं तरी, टाकायची नाही. ग्रिड शिफ्ट आणि बॅकलॅश (शून्य जागेची आणि स्क्रूच्या ढिलाईची दुरुस्ती) प्रत्येक मशीनचे वेगळे असतात, टरेट (टूल धरणारं डोकं) जॉबवर आदळायला तेवढं पुरतं. पीएलसीच्या बाबतीत चालू प्रोसेसवर "डाउनलोड" दाबू नका. बऱ्याच पीएलसी त्यासाठी स्टॉपमध्ये जातात. भट्टी किंवा प्रेस चालू असताना ते परवडत नाही.

इंजिनिअरला फोन करताना हे हाताशी ठेवा: कंट्रोलचं पूर्ण मॉडेल, अलार्मचा नंबर, सुरुवातीला काढलेले सेटिंगचे फोटो, कन्व्हर्टरचं डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव आणि पिन ३-५ वर मोजलेलं व्होल्टेज.